टेबल राखून ठेवताना

आज आम्ही तुमच्याशी एका चुकीबद्दल आणि त्या चुकीतून जे शिकलो त्याबद्दल बोलणार आहोत. पिपरी मेघेत आम्ही पाचजणी मिळून एक भोजनालय चालवतो. नऊ टेबलं, छत्तीस खुर्च्या, घरगुती जेवण. तुमच्यापैकी कितीतरी जणी खानावळ, मेस, नाश्ता केंद्र चालवतात किंवा बचत गटातून तसा विचार करताहेत. म्हणून हे बोलणं.

मे महिन्यातला रविवार होता. एका घरच्या सुनेचं डोहाळजेवण आमच्याकडे सांगितलं होतं. चौदा माणसं, रात्री साडेआठची वेळ, हजार रुपये आगाऊ. आमच्यातल्या एकीनं ते रजिस्टरमध्ये लिहिलं. दुसरीनं त्याच रात्रीची, त्याच वेळेची बारा माणसांची नोंद व्हॉट्सॲपवर घेतली आणि रजिस्टरमध्ये लिहायची राहून गेली. दोन्ही मंडळी पाच मिनिटांच्या अंतरानं दारात आली. बारा जण आधी आले, ते बसले. बाकीची टेबलं रविवारमुळे भरलेली. ती गरोदर पोरगी उकाड्यात बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसून राहिली. शेवटी सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "पैशाचं राहू द्या बाई, पन पोरीले असं ताटकळत ठेवाले नोको होतं." आणि ते सगळे निघून गेले. त्यांच्यासाठी केलेल्या पुरणपोळ्या आणि पाटवडीचा रस्सा आम्ही रात्री अकरा वाजता शेजारीपाजारी वाटला. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन हजार रुपये परत केले आणि माफी मागितली.

त्यानंतर आमच्यात ठरलं की टेबल राखून ठेवण्याचं सॉफ्टवेअर घ्यायचं. दोन-तीन कंपन्यांची माणसं दाखवायला आली. सगळ्यांचं दिसायला छान होतं. पण पहिल्या आठवड्यातच आमच्या लक्षात आलं की प्रश्न चांगलं-वाईट असा नाहीच. आपल्याकडे माणसं जेवायला जशी येतात, त्याला ते जुळतं का, हे पाहायला हवं.

आधी हे सॉफ्टवेअर करतं काय ते पाहू. मोबाईलवर किंवा संगणकावर तुमच्या टेबलांचा नकाशा असतो. कोणतं टेबल कोणत्या वेळी कोणाला दिलं, हे त्यावर दिसतं. एकानं नोंद केली की ती बाकीच्यांच्या फोनवरही लगेच दिसते, म्हणजे आमच्यासारखी दुहेरी नोंद होत नाही. ग्राहकाचं नाव, नंबर, माणसं किती, काही खास सूचना, हे त्यात राहतं. आणि वेळेआधी त्याला आठवणीचा निरोप जातो. एवढंच. बाकी सगळी सजावट.

यात सगळ्यात महत्त्वाचा आकडा एकच असतो, तो म्हणजे एक टेबल किती वेळ अडतं. आमचं रात्रीचं जेवण साडेसात ते साडेदहा, म्हणजे तीन तास. एका टेबलावर माणसं तासभर बसतात असं धरलं, तर टेबल तीन वेळा फिरतं आणि छत्तीस खुर्च्यांवर एकशे आठ ताटं होऊ शकतात. दीड तास धरला तर दोनच फेऱ्या, म्हणजे बहात्तर ताटं. कागदावर छत्तीस ताटांचा फरक त्या एका आकड्यानं पडतो. प्रत्यक्षात चारच्या टेबलावर तिघं बसतात, खुर्च्या रिकाम्या राहतात, पण हिशोब कळायला एवढा पुरे. दाखवायला आलेल्या एका सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा सरसकट दोन तास होता आणि तो कसा बदलायचा हे दाखवणाऱ्यालाच माहीत नव्हतं. ते आम्ही तिथंच सोडलं.

आता हे दोन तास आले कुठून? टेबल आरक्षणाची ही पद्धत बाहेरून आली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९९८ साली ओपनटेबल नावाची कंपनी सुरू झाली. तिथं दोघं-चौघं जेवायला जातात, आधीच वेळ ठरवतात, ठरलेल्या वेळी पोहोचतात, जेवणाआधी पेय घेत निवांत बसतात. आपल्या देशात २०१२ मध्ये डाईनआऊट आलं, ते २०२२ मध्ये स्विगीनं विकत घेतलं. अशी ॲप मोठ्या शहरांत ग्राहक शोधून आणायचं काम करतात आणि त्याचा मोबदला घेतात. इथं एक फरक ध्यानात ठेवा. ग्राहक आणून देणारं ॲप वेगळं आणि तुमच्याकडे आलेली नोंद सांभाळणारं सॉफ्टवेअर वेगळं. विकणारा माणूस दोन्ही एकाच वाक्यात सांगतो. आमच्याकडे ग्राहक ओळखीनं आणि फोनवरून येतात. आम्हाला दुसरं हवं होतं.

मग आम्ही पाचजणींनी बसून, आपल्याकडची माणसं कशी जेवायला येतात ते कागदावर लिहिलं. तुम्हीही हे करा, फार उपयोगी पडतं.

एक, आकडा वाढतो. "ताई, आमी आठ जनं आहो, साडेआठले येऊन राहिलो," असा फोन येतो आणि सव्वानऊला अकरा जण उतरतात. गावाहून मावशी आलेली असते, तिला घरी कसं ठेवणार? हा काही दोष नाही, ही आपली रीत आहे. तेव्हा टेबलं जोडता आणि सोडवता आली पाहिजेत.

दोन, ठरतं त्याच दिवशी. पंधरा दिवस आधी कोणी टेबल मागत नाही. संध्याकाळी सहाला कूलरसमोर बसून ठरतं की आज घरी स्वयंपाक नको. उन्हाळ्यात तर ऊन उतरल्याशिवाय कोणी बाहेर पडतच नाही, त्यामुळे सगळी गर्दी साडेआठनंतर एकदम येते.

तीन, वर्धा जिल्ह्यात अनेक वर्षांपासून दारूबंदी आहे. त्यामुळे बारचं टेबल, पेयांची यादी असल्या सोयींचे पैसे आपण कशाला मोजायचे? शिवाय आपल्याकडे येणारी बहुतेक मंडळी कुटुंबाची असतात. जेवतात, हात धुतात, बडीशेप घेतात, उठतात. चौघांच्या टेबलाला तास पुरतो. पण दहा-बाराच्या घोळक्याला, त्यात लहान मुलं आणि वाढदिवसाचा केक असला, तर पावणेदोन तासही लागतात.

चार, वार आणि सण. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, श्रावण, नवरात्र. अशा दिवशी आठ जणांत दोघं उपासाचे निघतात. ज्यांच्याकडे शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही आहे, त्यांना तर कोणत्या टेबलाशेजारी कोण बसलं तेही पाहावं लागतं. नोंदीत "उपास दोन" लिहायला जागा हवी.

पाच, काही पदार्थ सांगूनच करावे लागतात. पुरणपोळी, पाटवडी, वांग्याचं भरीत, गोवऱ्यांवरचे रोडगे. रोडग्यांची गोष्ट तर तुम्हाला सांगायलाच नको, तास-दीड तास आधी जाळ घालावा लागतो. आपल्याकडे टेबलाची नोंद ही अर्धी स्वयंपाकाची नोंद असते. ती स्वयंपाकघरातल्या बाईला दिसली नाही तर टेबल मिळूनही ताट मिळत नाही.

सहा, न सांगता येणारी माणसं. एका बाजूला सावंगीचं रुग्णालय, दुसरीकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. रुग्णाचे नातेवाईक कधीही येतात. दिवसभर वॉर्डाबाहेर बसलेला माणूस आरक्षण करून येत नसतो. त्याला "सगळी टेबलं राखीव आहेत" असं सांगून परत पाठवायचं का? आम्ही ठरवलं, नऊपैकी तीन टेबलं कधीच राखून द्यायची नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये ती टेबलं आरक्षणातून बंद ठेवता यायला हवीत.

हा कागद हातात धरूनच आम्ही पुढच्या विक्रेत्याशी बोललो. काय विचारायचं ते तुम्हालाही सांगतो.

पहिलं म्हणजे टेबल जोडून दाखवा. चौघांना एक तास आणि दहा जणांना पावणेदोन तास, असा वेगवेगळा वेळ लावता येतो का? उशीर झाला तर टेबल किती वेळ राखायचं हे आपण ठरवू शकतो का? एका सॉफ्टवेअरमध्ये पंधरा मिनिटांनी नोंद आपोआप रद्द होत होती. आपल्याकडे तसं केलं तर रोज भांडणं.

दुसरं, फोन कानाला असताना नोंद करून पाहा. आमची कसोटी सोपी होती. आमच्यातल्या सगळ्यात वयस्क काकूंच्या हातात फोन दिला. एका हातानं, गिऱ्हाईकाशी बोलत बोलत, अर्ध्या मिनिटात नाव, वेळ, माणसं टिपता आली पाहिजेत. ज्यात सात रकाने भरल्याशिवाय पुढंच जाता येत नव्हतं, ते काकूंनी टेबलावर ठेवून दिलं आणि पेन घेतला. आम्हाला उत्तर मिळालं.

तिसरं, मराठी. नावं देवनागरीत लिहिता येतात का, पुन्हा उघडल्यावर नीट दिसतात का, ते पाहा. "क्षीरसागर" आणि "सांबारवडी" हे दोन शब्द लिहून बघा. सांबारवडीवरून गंमत झाली. बाहेरगावच्या विक्रेत्यानं ती इडली-सांबारच्या खाली टाकली. आपला सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्याला कसं कळणार?

याच मराठीचा पैशाशीही संबंध आहे. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरीत ७०च बसतात, आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. "नमस्कार, आज रात्री ८.३० वाजता ८ जणांसाठी टेबल राखून ठेवले आहे. येणार नसल्यास कृपया कळवावे." हा निरोप नव्वदच्या घरात जातो, म्हणजे दोन एसएमएसचे पैसे. शिवाय धंद्याचे एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याची आणि मजकुराची आधी नोंदणी करावी लागते. ती कोण करणार, त्याचे पैसे वेगळे का, हे विचारून घ्या.

चौथं, लाईट गेली तर? पावसाळ्यात पहिल्या वाऱ्यालाच वीज जाते, मागोमाग वायफायही जातं. इंटरनेट नसताना आजची यादी दिसते का? दिसत नसेल तर रोज संध्याकाळी सहाला यादी कागदावर उतरवायची शिस्त लावावी लागेल. आम्ही ती तशीही लावली आहे.

पाचवं, पैसे. दोन पद्धती असतात. एक महिन्याला ठरलेली रक्कम, दुसरी दर माणसामागे. उदाहरण म्हणून धरा, एकात महिन्याला १,००० रुपये आहेत आणि दुसऱ्यात दर माणसी १० रुपये. महिन्याला साठ नोंदी, दर नोंदीत सहा माणसं, म्हणजे ३६० माणसं. दर माणसी पद्धतीत ३,६०० रुपये झाले. पण नोंदी पंधराच असतील तर ९० माणसं आणि ९०० रुपये, मग तीच पद्धत स्वस्त. म्हणजे आपल्याकडे राखून येणारी माणसं महिन्याला शंभराच्या वर की खाली, हे आधी माहीत हवं. यावर १८ टक्के जीएसटी लागतो. आपल्यासारखी भोजनालयं ५ टक्के जीएसटी लावतात, त्यात भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे हजाराचे ते १,१८० रुपये पूर्ण आपल्याच गल्ल्यातून जातात. दुसऱ्या बाजूला हेही लिहा, दीडशेच्या ताटाप्रमाणे चौदा माणसं परत गेली तर एका रात्रीत २,१०० रुपयांचं ताट गेलं. मनाला लागतं ते वेगळंच.

सहावं, आणि बायकांनी हे नीट ऐकावं. खातं कोणाच्या नंबरवर आहे? आमच्या ओळखीच्या एका ताईंनी आपल्या मेसचं खातं भाच्याच्या मोबाईल नंबरवर उघडलं, कारण त्याला "त्यातलं कळतं". भाचा नोकरीला पुण्याला गेला. आता पासवर्ड बदलायचा म्हटलं की ओटीपी पुण्याला जातो आणि ताई इथं त्याचा फोन लागायची वाट पाहतात. धंदा तुमचा, तर नंबर तुमचा. गट असेल तर गटाच्या नावानं एक वेगळं सिमकार्ड घ्या आणि पासवर्ड दोघींना माहीत असू द्या.

सातवं, ग्राहकांची यादी कोणाची? सॉफ्टवेअर सोडायचं ठरलं तर नावं-नंबर आपल्याला फाईलमध्ये काढून मिळतात का, ते लेखी घ्या. आणि ते नंबर काउंटरवर कोणाकोणाला दिसतात? एखादी मुलगी मैत्रिणींसाठी टेबल सांगते आणि रात्री तिला काउंटरवरच्या पोराचा "हाय" येतो, असं आपल्या भोजनालयात घडता कामा नये. २०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचा साधा गाभा असा की माहिती ज्या कामासाठी घेतली, त्याच कामासाठी वापरायची. टेबलासाठी घेतलेला नंबर जाहिरातीला वापरायचा असेल तर विचारून. आम्ही वाढणाऱ्या मुलांना फक्त नाव आणि टेबल दिसेल अशी सोय मागितली. एका सॉफ्टवेअरमध्ये ती होती, दुसऱ्यात नव्हती.

आठवं, आगाऊ रक्कम. मोठ्या शहरात टेबलासाठी पैसे आधी घेतात. आपल्याकडे शेजारच्या वहिनींकडे चार माणसांसाठी दोनशे रुपये मागितले तर त्या पुन्हा पायरी चढणार नाहीत. म्हणून आम्ही दहाच्या वर माणसं असतील किंवा सांगून करायचे पदार्थ असतील तरच यूपीआयनं रक्कम घेतो. ती बिलात वळती होते. दुपारी बारापर्यंत कळवलं तर पूर्ण परत. हा नियम भिंतीवर मराठीत लिहून लावला आहे, म्हणजे तोंड पाहून नियम बदलत नाही.

आता तुम्ही विचाराल, शेवटी घेतलं काय? आम्ही लगेच काहीच घेतलं नाही. एक महिना व्हॉट्सॲप बिझनेस वापरलं. ते फुकट आहे आणि एकच खातं आणखी चार उपकरणांवर जोडता येतं. त्यात प्रत्येक ग्राहकाला लेबल लावता येतं. आम्ही "आज", "पैसे आले", "उपास" अशी लेबलं केली. सोबत गूगल शीटवर एकच तक्ता केला, जो पाचही जणींच्या फोनवर दिसतो. नियम एकच, तक्त्यात नाही ती नोंद नाही. फोनवर "हो" म्हणण्याआधी तक्ता उघडायचा.

त्या महिन्यात आम्ही रोज चार गोष्टी लिहिल्या. नोंदी किती झाल्या, त्यातली किती मंडळी आली, किती उशिरा आली, आणि सांगितल्यापेक्षा किती जास्त आली. त्यावरून कळलं की आठवड्यातले पाच दिवस आम्हाला सॉफ्टवेअरची गरजच नाही. शनिवार-रविवारी मात्र तक्ता अपुरा पडतो, कारण टेबलं जोडायची-सोडायची कामं त्यात होत नाहीत. मग महिन्याच्या ठरलेल्या रकमेचं, कधीही बंद करता येणारं एक साधं सॉफ्टवेअर आम्ही तीन महिन्यांसाठी घेतलं. वर्षाचे पैसे एकदम भरले तर सूट मिळत होती, ती नाकारली. तीन महिन्यांनी पुन्हा तोच हिशोब करू.

तुमच्याकडे पाच-सहा टेबलं असतील आणि दिवसाला चार-पाच नोंदी येत असतील तर रजिस्टर पुरेसं आहे. फक्त ते एकच असावं आणि एकाच जागी असावं. विद्यार्थ्यांची महिन्याची मेस असेल तर टेबलाच्या सॉफ्टवेअरचा उपयोगच नाही, तुम्हाला हजेरीचा आणि कार्डाचा हिशोब लागेल. नोंदी वाढल्या, फोन दोघी-तिघी घेऊ लागल्या की मग तक्ता, आणि तोही पुरेना तर सॉफ्टवेअर.

मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. कोणाची कोणती पाळी, कोण कधी जेवायला येणार, हे त्या बायकांना लक्षात ठेवावंच लागे. तेच आपलंही काम आहे. सॉफ्टवेअर लक्षात ठेवायला मदत करतं. वेळ साधली नाही तर दारात जाऊन "बसा, पाणी घ्या, दहा मिनिटं लागतील" हे सांगायला मात्र आपल्यालाच उठावं लागतं. त्या रविवारी आम्ही तेही वेळेवर केलं नव्हतं.

त्या घरी गेल्या महिन्यात बाळ झालं. बारशाच्या जेवणाचा फोन आमच्याकडेच आला. "सोळा जनं आहो, जास्त बी होऊ शकतात," सासूबाई म्हणाल्या. आम्ही वीस ताटांची नोंद केली, तीन टेबलं जोडली आणि दोन राखून ठेवली. एकोणीस जण आले.

तुमच्या खानावळीत नोंदी कशा ठेवता, तुमच्या काय अडचणी आहेत, ते आम्हाला जरूर कळवा.